सोलापुरात भाड्यासाठी गुंतवणूक: एक फ्लॅट की चार खोल्यांचं घर?

समजा हाताशी 40 लाख आहेत. सोलापुरात त्यात साधारण दोन गोष्टी सुचतात. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडे टू बीएचके फ्लॅट, नाहीतर हद्दवाढ भागात जुनं बैठं घर घेऊन, वर मजला चढवून चार खोल्या काढायच्या.

आधी भाड्याचा हिशेब. फ्लॅटला महिना 11 हजार धरले तर वर्षाचे 1 लाख 32 हजार, म्हणजे 3.3 टक्के. एखादा महिना रिकामा गेला, सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी भरली, की हातात जेमतेम अडीच टक्के उरतात. बँकेची एफडी याहून बरी. फ्लॅट घेणारा खरं तर भाव वाढेल या भरवशावर घेतो, आणि जुन्या इमारतीत तो भरवसा दरवर्षी पातळ होत जातो. चार खोल्या चार-चार हजारांनी गेल्या तर वर्षाला 1 लाख 92 हजार येतात, शिवाय जमीन आपली राहते. कागदावर घरच जिंकतं.

पण सोलापुरात मालकाची खरी परीक्षा पाणी घेतं. नळ रोज येत नाही, काही दिवसांआड येतो. सोसायटीत हौद, बोअर, टँकर ही सगळी डोकेदुखी वॉचमन आणि सेक्रेटरीची. खोल्यांच्या घरात ती तुमची. पाण्याच्या दिवशी हौदात धार पडते का बघा, मोटर लावा, वरची टाकी भरली की बंद करा. एका खोलीत पाहुणे उतरले की दुसऱ्याच दिवशी टाकी कोरडी, आणि चौघांचे फोन तुम्हाला. पुण्यात राहून हे होत नाही; कुणी सांगितलं तरी विश्वास ठेवू नका.

दुसरी भानगड लाईट बिलाची. एका मीटरवर चार खोल्या आणि आत सबमीटर, हा स्वस्तातला मार्ग महागात जातो. महावितरणचे दर टप्प्याटप्प्याने चढतात. चौघांची युनिटं एकत्र झाली की 100 आणि 300 चे टप्पे ओलांडले जातात आणि वरचा दर कुणी सोसायचा यावर दर महिन्याला कटकट. जमेल तिथे प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर घ्या.

कागदपत्रांत फ्लॅट सोपा. हद्दवाढ भागातल्या प्लॉटची गुंठेवारी (शेतजमिनीचे विनापरवाना पाडलेले छोटे तुकडे) नियमित झाली आहे का, बांधकाम परवाना आहे का, हे वकिलाकडून पाहिल्याशिवाय इसार देऊ नका. त्याशिवाय बँक कर्जालाही नाक मुरडते. फ्लॅट नवा असेल तर पूर्णत्वाचा दाखला मिळण्याआधी घेतल्यास जीएसटी लागतो, नंतर नाही.

भाडेकरार दोन्हीकडे नोंदवायचाच. 11 महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या 0.25 टक्के (डिपॉझिटवरचं 10 टक्के व्याजही त्यात धरतात), म्हणजे वरच्या फ्लॅटला तीनशेच्या आसपास, अधिक शहरात नोंदणी फी 1,000. एवढे वाचवायला लोक साध्या स्टँपवर सह्या घेतात. मग वाद झाला की 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार, उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्याच अटी खऱ्या धरल्या जातात. चार खोल्या म्हणजे चार करार, तेही दरवर्षी. आयकरात मात्र फरक नाही: भरलेली घरपट्टी वजा करून उरलेल्या भाड्यातून 30 टक्के सरसकट सूट, मग दुरुस्तीला कितीही खर्च होवो.

माझं मत विचाराल तर, सोलापुरातच राहत असाल, खाली स्वतः आणि वर भाडेकरू असं जमत असेल, तर घर घ्या. बाहेरगावी असाल तर कमी उत्पन्न पत्करून फ्लॅट. घर ठरलंच, तर व्यवहाराआधी शेजारच्या दोन घरी विचारा: पाणी कधी येतं, किती वेळ, आणि मे महिन्यात बोअर टिकतो का.