‘जुनी डिस्क नव्या मशीनला चालत नाही’ म्हणून कसं लुटतात

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडत दुकानात हा प्रकार घडला. नावं मुद्दाम देत नाही. पद्धत समजून घ्या, कारण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपल्यापासून जुनी मशीन बदलणारे खूप आहेत आणि प्रत्येकाला आपली डिस्क, आपलं टॅली जसंच्या तसं नव्या मशीनवर हवं असतं.

दुकानातला चौथ्या पिढीचा आय-थ्री मदरबोर्ड गेल्यामुळे बंद पडला. आतली 240 जीबीची एसएसडी धडधाकट होती. मालकांनी नवं मशीन सांगितलं आणि हीच एसएसडी त्यात बसवून द्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवाल्याचा फोन आला, “शेठ, तुमची डिस्क करप्ट झालीय, नव्या बोर्डला चालत नाही. डेटा काढायला लागेल.” मशीनच्या किमतीवर डेटा रिकव्हरीचे साडेचार हजार, ‘ओरिजिनल’ विंडोजचे पाच हजार आणि नव्या 512 जीबी एसएसडीचे वेगळे, असा हिशेब कच्च्या कागदावर आला. जुनी एसएसडी मागितली तर “जळाली, टाकून दिली.”

यातलं एकही वाक्य खरं नव्हतं.

डिस्क करप्ट नव्हतीच. त्या काळातल्या बऱ्याच मशीनवर विंडोज लेगसी बायोसमध्ये (मशीन चालू करायची जुनी पद्धत), एमबीआर या डिस्कच्या जुन्या मांडणीने टाकलेलं असतं. नवे बोर्ड बहुतेक फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीने चालू होतात आणि त्यांना जीपीटी या नव्या मांडणीची डिस्क लागते. म्हणून स्क्रीनवर ‘नो बूटेबल डिव्हाइस’ येतं. तेवढी काळी स्क्रीन गिऱ्हाइकाला दाखवली की त्याचा धीर सुटतो. प्रत्यक्षात आतली एकही फाइल हललेली नसते. ती डिस्क साध्या यूएसबी केसमध्ये घालून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळे फोल्डर दिसतात. टॅलीचा डेटा फोल्डर कॉपी करायला रिकव्हरीची गरज नाही, पेनड्राइव्ह पुरतो.

इलाजही विंडोजमध्येच आहे. एमबीआरची जीपीटी करणारी एमबीआरटूजीपीटी (mbr2gpt) नावाची सोय मायक्रोसॉफ्टने 2017 पासून विंडोज 10 मध्ये दिली आहे. आधी डिस्कची पूर्ण प्रत काढायची. त्यासाठी क्लोनझिला हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मग विंडोजच्या इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, पहिल्याच स्क्रीनवर शिफ्ट आणि एफ-10 दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा आणि डिस्कपार्ट या कमांडमध्ये आपल्या डिस्कचा नंबर बघून घ्यायचा. नंतर एमबीआरटूजीपीटी आधी ‘व्हॅलिडेट’ लावून चालवायचं आणि ते पास झालं तरच ‘कन्व्हर्ट’ लावून. व्हॅलिडेट अडकलं तर बहुतेक वेळा कारण एकच असतं: डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशन (डिस्कचे भाग) असतात किंवा एखादं एक्स्टेंडेड असतं. आपल्याकडे डी, ई, एफ असे भाग पाडायची जुनी सवय, त्यामुळे हे हमखास भेटतं. अशा वेळी मागचे भाग दुसरीकडे कॉपी करून काढून टाकावे लागतात.

त्यानंतर निळ्या स्क्रीनवर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं, तर बायोसमध्ये व्हीएमडी किंवा रेड (डिस्क जोडायच्या वेगळ्या पद्धती) चालू आहे का ते बघा आणि एएचसीआय या साध्या पद्धतीवर आणा. पहिल्यांदा विंडोज सुरू होताना नवे ड्रायव्हर बसवायला वेळ घेतं, तेव्हा मध्येच बंद करू नका. लॅनचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर आधीच ठेवा. एवढं झालं की तिथूनच विंडोज 11 वर अपग्रेड करता येतं आणि टॅली, फाइली जागेवर राहतात. या मेहनतीचे कुणी हजार रुपये घेतले तर ते रास्त आहेत.

‘ओरिजिनल’ विंडोजचं पितळ उघडं पाडायला मिनिट लागत नाही. विंडोज आणि आर ही बटणं एकदम दाबून ‘एसएलएमजीआर’, मग जागा सोडून ‘स्लॅश डीएलव्ही’ टाइप करा. अडत दुकानातल्या मशीनवर तिथे ‘व्हॉल्यूम केएमएसक्लायंट’ लिहून आलं आणि खाली 180 दिवसांची मुदत. हा प्रकार मोठ्या कंपन्यांसाठी असतो, त्या आपल्या मशीनवरचं विंडोज स्वतःच्या सर्व्हरवरून चालू करतात. अडत दुकानात तो दिसला म्हणजे क्रॅक मारलेला आहे. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘एक्स्क्लूजन्स’ही उघडून बघा, क्रॅक टाकणारे तिथे एखादा फोल्डर वगळून ठेवतात आणि अँटिव्हायरस त्याकडे बघतच नाही. जुनं लायसन्स ओईएम (मशीनसोबतच आलेलं) असेल तर ते जुन्या बोर्डाशीच बांधलेलं असतं, तेव्हा नवं घ्यावं लागतं हे मात्र खरं. रिटेल (सुटं विकत घेतलेलं) असेल तर नव्या मशीनवर नेता येतं.

नव्या एसएसडीचं तर विचारूच नका. क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर टाकलं, ‘पॉवर ऑन अवर्स’समोर (डिस्क आजवर किती तास चालली) अकरा हजारांच्या वरचा आकडा होता. खरोखर नव्या डिस्कवर तिथे थोडेसेच तास दिसतात. 512 जीबीच्या जागी 476 दिसतात ती फसवणूक नाही, ती मोजण्याची रीत आहे. डबा, डिस्कवरचं स्टिकर आणि स्क्रीन, तिन्हीकडे सीरियल नंबर एकच पाहिजे.

टॅली नव्या मशीनवर एज्युकेशनल मोडमध्ये (लायसन्सशिवाय, शिकण्यापुरतं) उघडतं आणि महिन्याच्या मोजक्याच तारखा घेतं. तेव्हा ‘नवं लायसन्स लागेल’ असं ऐकवतात. लायसन्स तुमचंच आहे. जुनं मशीन चालू असेल तर आधी सरेंडर करा, बंद पडलं असेल तर टॅलीच्या पोर्टलवर तुमच्या ईमेलने रीसेट करा. मात्र तो ईमेल तुमचा हवा, कॉम्प्युटरवाल्याचा नव्हे.

सगळ्यात जिव्हारी लागणारी गोष्ट म्हणजे गेलेली जुनी डिस्क. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक, आधार, पॅन, ब्राउजरमध्ये साठवलेले जीएसटीचे पासवर्ड, सगळं तिच्यावर होतं. असं झालं तर त्याच दिवशी दुसऱ्या मशीनवरून बँक, जीएसटी आणि ईमेलचे पासवर्ड बदला, ईमेलमधून सगळीकडचं लॉगिन काढून टाका. विंडोज 11 च्या लॅपटॉपवर बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) असेल तर ती डिस्क लावल्यावर नवं मशीन 48 अंकी किल्ली मागतं. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात मिळते. डिस्क मेली असं ऐकून सोडून देऊ नका.

मशीन द्यायच्या आधी डिस्कच्या स्टिकरचा फोटो दुकानदाराला व्हॉट्सॲपवर पाठवा आणि खाली लिहा: फॉरमॅट करायचं नाही, चालो न चालो, डिस्क परत पाहिजे. बिल जीएसटीचं घ्या, त्यात सीरियल नंबर लिहून घ्या. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवा. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पक्कं बिल नसेल तर यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा. “आणून द्या, बघतो” म्हणून दुकानदार मशीन परत मागेल. देण्याआधी क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लायसन्सच्या स्क्रीनचे तारखेसह फोटो काढा, नाहीतर मशीन परत येईल तेव्हा आत दुसरीच डिस्क असेल.