येसचे अल्बम: कुठला आधी, कुठला नंतर

येस हा ब्रिटिश रॉक बँड नव्याने ऐकणार असाल तर पहिले दोन अल्बम नंतर ऐकले तरी चालतील, डायरेक्ट १९७१ च्या 'द येस अल्बम'वर या, स्टीव्ह हाऊ गिटारवर आला तो इथेच. त्याच वर्षी 'फ्रॅजाइल', कीबोर्डवर रिक वेकमन, आणि ख्रिस स्क्वायरचा बास तर कसला सुटलाय!

पण खरा माल म्हणजे १९७२ चा 'क्लोज टू द एज'. फक्त तीन गाणी, टायटल ट्रॅकच साडेअठरा मिनिटांच्या वर, सुरुवातीला पाणी नि पक्षी आणि मग अचानक सगळे जण पिसाळल्यासारखे वाजवत सुटतात, मधे सगळं शांत होऊन चर्चचा ऑर्गन येतो ना, तिथे हेडफोन पाहिजेच, मोबाईलच्या स्पीकरवर पार चोथा होतो त्याचा.

१९७३ चा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रातल्या एका तळटीपेवरून सुचलेला, डबल अल्बम, गाणी चारच. कल्पना भारी, पण पाणी फार घातलंय राव. वेकमनही वैतागून बाहेर पडला.

१९८३ चा '९०१२५' मात्र वेगळ्याच बँडचा वाटतो, गिटारवर ट्रेव्हर रॅबिन आला, आवाज चकाचक, एक गाणं तर अमेरिकेत नंबर वन. जुने फॅन नाक मुरडतात, मुरडू देत, गाडीत एक नंबर वाजतो.