जळगावातला जीआरई गणिताचा क्लास: माझा अनुभव

भुसावळहून रोज ये-जा करून, ऐन मे महिन्याच्या उन्हात जीआरईचा, म्हणजे परदेशातल्या पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या प्रवेशपरीक्षेचा, हा क्लास केला. सरांची हातोटी विलक्षण. 'क्ष वर्ग मोठा की क्ष?' एवढंच फळ्यावर लिहून ते थांबायचे. आम्ही घाईने 'वर्ग' म्हणालो. त्यांनी अर्धा घ्यायला लावला, वर्ग पाव आला! शून्य घेतलं, दोन्ही सारखे. म्हणजे उत्तर ठरवताच येत नाही. तेव्हापासून शून्य, ऋण संख्या, अपूर्णांक तपासल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. परीक्षेत गणिताचे दोन भाग मिळून एकूण २७ प्रश्न, ४७ मिनिटं. पहिल्या भागातल्या १२ प्रश्नांवर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, हेही इथेच नीट कळलं. संभाव्यता मात्र दोन तासांत उरकली, ते खटकलं. सराव चाचण्याही संगणकावर घ्यायला हव्यात. तरी धाकट्या बहिणीला इथेच पाठवणार.