सोळा टीबीची हार्ड डिस्क, आत चौसष्ट जीबीचं कार्ड

नाशिकमध्ये सतरा वर्षं लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंग करतोय. या धंद्यात राहून असा फसलो, म्हणून गेले तीन महिने हे लिहायची लाज वाटत होती. पण मागच्या आठवड्यात पंचवटीतल्या एका शूटिंगवाल्या मित्राने फोटो पाठवला, "१६ टीबी स्वस्तात मिळतेय, घेऊ का?" मी फसलो तोच डबा, कडेला तीच निळी पट्टी. आता गप्प बसवत नाही.

नोव्हेंबर २०२४. तुळशीचं लग्न झालं, सीझन अंगावर आला. माझ्याकडच्या सगळ्या डिस्क भरलेल्या. फोर-के शूट १०० एमबीपीएसवर (सेकंदाला १०० मेगाबिट) केलं की तासाला ४५ जीबी जातात. दोन कॅमेरे, हळद, सीमांत पूजन, लग्न, रिसेप्शन धरलं तर एका घरचे तीनशे-साडेतीनशे जीबी सहज होतात. शिवाय माझा स्वतःचा साठा होता. २०१५ च्या सिंहस्थातली शाही स्नानं, शनी चौकातली आणि दिल्ली दरवाज्याची रहाड (रंगपंचमीला उड्या मारायचा रंगाचा हौद), ४ ऑगस्ट २०१९ च्या पुरात गोदावरी नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीला गिळून नारोशंकर मंदिराच्या घंटेकडे चढली ते सगळं होळकर पुलाजवळून घेतलेलं. २०२७ च्या सिंहस्थाआधी हे एका जागी आणायचं, असं डोक्यात होतं. सगळं मिळून ३.२ टीबी.

चांगल्या कंपनीची ५ टीबी तेव्हा दहा-बारा हजारांच्या खाली नव्हती. शहरातल्या एका दुकानात, जिथून मी पूर्वी कार्डं आणि केबली घेतल्या होत्या, तिथल्या दुकानदाराने १६ टीबी दाखवली. ६,४९९ रुपये. "कस्टमचा लॉट आहे भाऊ, दोनच उरल्यात." दोन्ही घेतल्या. १२,९९८ रुपये. त्यातले ६,००० यूपीआयने, तेही भलत्याच नावाच्या खात्यावर, आणि ६,९९८ रोख. बिल मागितलं तर म्हणाला, "पक्कं बिल लागलं तर अठरा टक्के वर." मी सोडून दिलं. पहिली चूक तिथे झाली.

खरी चूक मात्र त्यानंतरच्या पाच मिनिटांत झाली, आणि ती अजून झोपू देत नाही. त्याने काउंटरवरच्या लॅपटॉपला डिस्क लावली, प्रॉपर्टीज उघडल्या आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. १६.० टीबी, पूर्णच्या पूर्ण. मला बरं वाटलं! अरे, ६४ जीबीचं कार्ड विंडोजमध्ये ५९ दिसतं, ४ टीबीची डिस्क ३.६३ दिसते. कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने, हे मी स्वतः माझ्या असिस्टंट पोरांना शिकवतो. खरी १६ टीबी साडेचौदा दिसायला पाहिजे. सोळाला सोळा दिसली याचा अर्थ आतल्या चिपला कुणीतरी खोटं बोलायला शिकवलंय. आकडा डोळ्यांसमोर होता आणि मी मान डोलावली.

दुसरं म्हणजे वजन. डबा हातात घेतला तेव्हा साध्या चार्जरएवढा वाटला. साध्या यूएसबी केबलवर चालणारी, खिशात मावणारी अडीच इंची हार्ड डिस्क आजवर ६ टीबीच्या पुढे गेलेली नाही. त्यापुढची साडेतीन इंची असते, तिला भिंतीतला वेगळा अडॅप्टर लागतो आणि ती हाताला चांगली जड लागते. छोटा डबा, एक केबल आणि १६ टीबी अशी हार्ड डिस्क नसतेच. एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, चिपवाली डिस्क) म्हणून विकत असतील तर खऱ्या ८ टीबी एसएसडीची किंमत विचारून बघा, म्हणजे सहा हजारांत सोळा म्हणजे काय ते कळेल.

मी काही तपासलंच नाही असं नाही. तीन-चार रात्री कॉपी लावली, दोन्ही डिस्कवर वेगवेगळी, म्हणजे माझ्या हिशेबाने दोन प्रती. स्पीड सेकंदाला २५-३० एमबीच्या वर जात नव्हता. वाटलं पोर्ट जुना असेल. कॉपी झाल्यावर पहिल्या फोल्डरमधल्या तीन फाइली चालवून बघितल्या. चालल्या. शेवटची एक बघितली. तीही चालली, कारण नुकतीच कॉपी झालेली फाइल कॉम्प्युटर आपल्याच मेमरीतून दाखवू शकतो. डिस्क काढून, मशीन बंद-चालू करून मग बघायला हवं होतं, आणि मधल्या फाइली बघायला हव्या होत्या. पण लग्नसराईत रात्री दोन वाजता घरी येणाऱ्या माणसाला विचारा एवढा वेळ कुठून आणायचा. नावं दिसत होती, साइज बरोबर होती. मी जुन्या डिस्क फॉरमॅट करून शूटला लावल्या.

नोव्हेंबर २०२५ मध्ये सिडकोतले एक गिऱ्हाईक आले. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसासाठी त्यांना रॉ डेटा, म्हणजे एडिट न केलेलं मूळ शूटिंग, हवा होता. पॅकेजमध्ये तो वर्षभर सांभाळून द्यायचा ठरलेला. त्यांच्यासमोर डिस्क लावली. फोल्डर आहे, २९८ जीबी आहे, एकही फाइल उघडत नाही. दुसरी डिस्क लावली, तेच. ते बिचारे काही बोलले नाहीत, बायको मात्र रडली. मी २८,००० रुपये परत केले.

त्या रात्री स्क्रू-ड्रायव्हर घालून डबा उघडला. आत करंगळीएवढा हिरवा बोर्ड, त्याला गरम गोंदाने चिकटवलेलं ६४ जीबीचं मायक्रो एसडी कार्ड आणि वजनासाठी लोखंडाची एक पट्टी. पहिले ६४ जीबी भरले की पुढचं सगळं हवेत. फाइलींच्या नावांची यादी तेवढी सुरुवातीला लिहिलेली असते, ती शाबूत राहते. दुसऱ्या डिस्कवर व्हॅलिड्राइव्ह नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवलं. ते डिस्कवरच्या ५७६ जागा तपासतं आणि चौकोन रंगवतं. तीन हिरवे. बाकी पडदाभर लाल.

डेटा रिकव्हरीवाल्याने सरळ सांगितलं, जे लिहिलंच गेलं नाही ते काढणार कुठून? फॉरमॅट केलेल्या जुन्या डिस्कमधून, जिथे नवं शूट चढलं नव्हतं तिथलं, थोडं मिळालं. १४,००० रुपये गेले. रहाडीचं अर्धं आलं, सिंहस्थाचं एकच स्नान आलं, पुराचं काहीही नाही. एकूण ५४,९९८ रुपये. नव्या डिस्कवर कॉपी केल्यावर जुनी निदान सहा महिने फॉरमॅट करू नका. हात जोडून सांगतो.

दुकानदार आधी म्हणाला फॉरमॅट मारून बघा, मग म्हणाला तुम्हीच शॉर्ट केली, मग म्हणाला बिल दाखवा. आठ दिवसांनी फोन उचलायचा बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. "डिस्क चालू होतेय ना? मग फसवणूक कसली?" मी उघडलेला डबा टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उलटासुलटा केला आणि "हा दिवाणी मामला आहे" म्हणाले. चौसष्ट जीबीचं कार्ड सोळा टीबी म्हणून विकणं भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलम ३१८ मध्ये बसत नसेल तर काय बसतं? दुसऱ्यांदा गेलो तर साहेब बंदोबस्तात. तिसऱ्यांदा, यूपीआय आहे म्हणून सायबरकडे जा. तिथे गेलो तर दुकानात समोरासमोर घेतलंय, मग सायबर कसं, परत ठाण्यात जा. चौथ्या खेपेला साधा अर्ज घेतला, पोच मिळवायला पाऊण तास उभं राहिलो. कुणीतरी वर हसून म्हणालं, "लग्नाचे व्हिडिओच ना, त्याची काय किंमत?" एका पुराचं, एका सिंहस्थाचं शूटिंग गेलं, ते पुन्हा कोण करून देणार? यांच्या हिशेबात मोबाइल चोरीला गेला तर ती वस्तू, आणि अकरा वर्षांचं काम गेलं तर काहीच नाही.

ग्राहक तक्रारीचं विचारायला गेलो तर तिथल्या माणसाने दारातच सांगितलं, धंद्यासाठी घेतलंय, तुम्ही ग्राहक नाही. हे खोटं आहे, ऐकून परत फिरू नका. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(७) च्या स्पष्टीकरणात लिहिलंय की पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू 'व्यावसायिक वापरा'त मोडत नाही, म्हणजे तुम्ही ग्राहकच. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत दोन वर्षं. मी तक्रार भरलीय. बिल नाही म्हणून यूपीआयची पावती आणि दुकानदाराचे व्हॉट्सॲप मेसेज जोडलेत. तुम्ही पैसे ऑनलाइन दिले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला त्याच दिवशी फोन लावा, माझ्यासारखं वर्ष घालवू नका.

आता मी नवी डिस्क आणली की आधी एच२टेस्टडब्ल्यू, म्हणजे सगळी डिस्क लिहून-वाचून तपासणारं सॉफ्टवेअर, पूर्ण चालवतो. ४ टीबीला लिहायला-वाचायला मिळून जवळजवळ एक दिवस लागतो, लागू दे. मॅक किंवा लिनक्सवाल्यांना त्याच कामाचं एफ३ आहे. मग डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पॉवर-ऑन तास, म्हणजे डिस्क आजवर किती तास चालली ते, बघतो. नव्या डिस्कवर शेकड्यांत तास दिसले तर ती वापरलेली आहे. सिरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी बघतो. पक्क्या बिलाशिवाय घेत नाही. दोन डिस्क एकाच दुकानातून, एकाच लॉटच्या घेत नाही. माझ्या दोन प्रती एकाच खोट्या डब्याच्या होत्या, त्या दोन नव्हत्याच. अस्सल डिस्कसुद्धा मरते. बॅकब्लेझ ही क्लाउड कंपनी आपल्या लाखो डिस्कची आकडेवारी छापते, तिच्याकडेही वर्षाला शंभरातल्या एक-दोन जातातच. म्हणून एक प्रत आता बहिणीकडे इंदिरानगरला ठेवलीय.

आणि एक विनंती. २०१९ च्या पुराचं माझं शूटिंग मी तेव्हा बऱ्याच जणांना पेनड्राइव्हवर दिलं होतं. व्हॉट्सॲपवरचं नको, ते दाबून बारीक झालेलं आहे. मूळ फाइल कुणाच्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये पडली असेल तर पुसू नका, मला कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जातो.