पीएनआर दिसला म्हणजे तिकीट झालं असं समजू नका (टूर द फ्रान्स सायकल शर्यतीच्या नादात 2 लाख 40 हजार गेले)

खरं तर सांगायला लाज वाटतेय, पण परवा आमच्या रविवारच्या मरीन ड्राइव्हवाल्या सायकल ग्रुपमधे एका पोराने "टूरचा रोडसाइड पास मिळतोय, घेऊ का" असं विचारलं आणि माझ्या पोटात गोळाच आला.

2025 ला 22 जुलैची माँ व्हाँतू डोंगरावरची स्टेज (शर्यतीचा त्या दिवसाचा टप्पा) बघायची म्हणून मी आणि माझा मावसभाऊ पेटलो होतो. ग्रुपमधल्याच कोणीतरी एका एजंटचा नंबर दिला, अंधेरीला ऑफिस, माणूस एकदम गोड, सायकलिंगचं सगळं तोंडपाठ. विमान, डोंगराच्या पायथ्याच्या बेदोआं गावात हॉटेल, आणि वर चढावरच्या शॅले रेनार या ठिकाणी उभं राहायचा "व्हीआयपी पास". अरे, तो रस्ता आहे रस्ता! घाटात कुठेही उभे राहा, कोणी एक पैसा मागत नाही, लोक आधीपासून कॅम्परव्हॅन लावून बसतात, फक्त गाड्यांना रस्ता लवकर बंद होतो म्हणून चालत नाहीतर सायकलवर वर जायचं. हे मला माहीत होतं हो, तरी लॅमिनेट केलेला पास गळ्यात घालून फोटो काढला मी. त्यावरचा क्यूआर कोड नंतर स्कॅन केला तर त्याचाच व्हॉट्सअॅप उघडला.

पैसे त्याच्या पर्सनल यूपीआयवर. "कंपनीच्या खात्यात टाकलेत तर पॅकेजवर टीसीएस लागेल, तुमचा वाचवतो." (टीसीएस म्हणजे परदेशी टूर पॅकेज विकताना आपल्याकडून घेतला जाणारा कर.) रोजची लिमिट लाखाची म्हणून तीन दिवसांत भरले, म्हणजे विचार करायला तीन दिवस होते माझ्याकडे.

पीएनआर एअरलाइनच्या साइटवर टाकून बघितला होता, दोघांची नावं दिसली आणि आम्ही खूश. पण ते नुसतं होल्डवरचं बुकिंग होतं. पैसे भरून तिकीट निघालं की 13 आकडी ई-तिकीट नंबर येतो, तो नव्हताच, आणि असं बुकिंग काही दिवसांत आपोआप उडतं. हॉटेलचंही तसंच, फ्री कॅन्सलेशनवालं, पैसे तिथे जाऊन द्यायचे, व्हिसा लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी एजंटने कॅन्सल केलं. हे मला कधी कळलं, तर जुलैच्या पहिल्या आठवड्यात सीट निवडायला गेलो तेव्हा. मग हॉटेलला मेल केला, त्यांनी बिचाऱ्यांनी तासाभरात उत्तर दिलं. एक साधा मेल, तो मी एप्रिलमधे का नाही केला देव जाणे.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदवली, पोलीस स्टेशनलाही जाऊन आलो. पण पैसे जाऊन अडीच महिने झालेले, खातं तोपर्यंत रिकामं. पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे अडवता येतात म्हणे. मला कळायलाच जुलै उजाडला.

व्हिसा मात्र खरा लागला होता. 22 तारखेला रात्री दादरला घरी बसून बघितलं, शेवटच्या वळणावर पारे-पाँत्र या सायकलपटूने पुढच्या हीलीला गाठलं तेव्हा मावसभाऊ मोठ्याने ओरडला आणि आई आतून म्हणाली, हळू, शेजारी झोपलेत.