मिगच्या कॉकपिटला तार पाहिजे? वरूडातलं मोटर भरायचं दुकान

आमच्या वरूडकडे संत्र्याच्या बागा, बागा म्हणजे विहिरी नि बोअर, आणि व्होल्टेज पडलं की मोटरी जळणारच, त्यामुळे मोटर भरून देणारी, म्हणजे जळकी तार काढून नवी गुंडाळून देणारी दुकानं पावलापावलावर. त्यातल्याच बाजार रोडवरच्या एका दुकानाबद्दल लिहितोय, पण मोटरीसाठी नाही, मॉडेलसाठी.

मी 1/48 चं, म्हणजे खऱ्याहून 48 पट लहान, मिग-21 बिस या लढाऊ विमानाचं मॉडेल करतोय. ओझरला बनलेलं आपलं विमान, 2025 च्या सप्टेंबरात मिग-21 निवृत्त झालं तेव्हाच ठरवलं होतं की हे मनापासून करायचं, पण किट जुनं, कॉकपिटमध्ये एक सपाट पाटी आणि ठोकळ्यासारखी सीट, बस एवढंच. बारीकसारीक भागांचा तयार डिटेल सेट किटपेक्षा महाग. मग सगळं हातानंच करायला घेतलं.

दुकानात गेलो आणि बारीक तार मागितली तर काका म्हणे, "पंखा भराचा हाय का भाऊ?" मी मोबाईलवर कॉकपिटचे फोटो दाखवले, ते चष्मा वर करून बराच वेळ पाहत राहिले आणि मग स्वतःच रीळं काढून समोर ठेवली. गेजचा आकडा वाढला की तार बारीक; सिलिंग फॅनची 36 गेज म्हणजे जवळपास 0.19 मिलिमीटर, 48 नं गुणलं तर खऱ्या विमानातली 9 मिलिमीटरची नळी, म्हणजे पॅनलच्या मागच्या नळ्या-वायरींना एकदम बरोबर. 50 ग्रॅम घेतली, 60 रुपये, त्यात दीडशे मीटरच्या वर तार येते, आयुष्यभर पुरेल. जळक्या कॉइलची तार फुकट देतात पण ती घेऊ नका, इनॅमलचे पोपडे निघतात नि रंग धरत नाही.

खरी मजा पायलटच्या ऑक्सिजनच्या नळीत आली. ती नळी कड्याकड्यांची असते, म्हणून जाड तारेवर बारीक तार गुंडाळायची. मी 30 गेजवर 36 गुंडाळली तर जाड दिसली. 40 पाहिजे होती, ती लहान ट्रान्सफॉर्मरला लागते, यांच्याकडे नव्हती, अमरावतीहून मागवतो म्हणाले आणि बारा दिवस लावले, दोनदा चक्कर फुकट गेली, हे मात्र आवडलं नाही, फोन करून सांगता आलं असतं. पण आली तेव्हा काकांनी स्वतः बसून शिकवलं. "तार ढिली सोडू नको, बोटात तानून धर, एकावर एक चढली का कॉइल गेली." आधी ओढून सरळ करायची तेही त्यांनीच दाखवलं, दोन्ही टोकं पक्कडीत धरून हलकेच ताणायची. आता नळी साधारण 0.56 मिलिमीटर झाली, 48 पटीनं 27 मिलिमीटर, आणि निळसर-हिरव्या कॉकपिटमध्ये ती काळी नळी काय दिसते म्हणून सांगू!

सीटची दोन लाल हँडलं 30 गेजचीच वाकवली. साइड कन्सोलचे स्विच म्हणजे भोकात बसवलेले 36 गेजचे तुकडे. मोटरीच्या स्लॉटमध्ये, म्हणजे तारेच्या खाचांत घालायचा जाड लेदरॉइड कागदही त्यांच्याकडून घेतला, फेविक्विक पाजला की कडक होतो, मग ब्लेडनं स्वच्छ कापला जातो, कन्सोलच्या कडा त्याच्याच केल्या. सीटच्या पट्ट्यांसाठी मात्र तो जाड पडतो, त्याला गोळ्यांच्या पाकिटाची फॉइल बरी. पॅनलच्या मधोमध उभी पांढरी पट्टी असते, विमान गिरक्या घेऊ लागलं तर पायलटनं स्टिक त्या रेषेवर आणायची, ती शेवटी रंगवली, हात थरथरू नये म्हणून पहाटे.

जायचं तर पावसाळ्यात जा. उन्हाळ्यात ओलिताची घाई असते, जळक्या मोटरी दारापर्यंत रचलेल्या असतात, शेतकरी खोळंबलेले असतात, तेव्हा काकांकडून 50 ग्रॅम तार मोजून घेणं बरोबर वाटत नाही. आणि सोबत एखादी डबी न्या, तार कागदात गुंडाळून देतात, पिशवीत वाकते.