कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या लेथवाल्या काकांनी आज्जांचं सिंगर उठवलं (रिव्ह्यू जरा मोठा झालाय)

आमच्या आज्जांचं सिंगर ३१के२०, टेलरकीचं जुनं बिडाचं शिलाई मशीन, मी त्याच्यावर कॅनव्हासच्या पिशव्या शिवते. घर बदलताना छोट्या हत्तीतून उतरवताना हमालाच्या हातून हेड (टेबलावर बसतं ते मुख्य मशीन) निसटलं ते थेट फरशीवर. बेडचा, म्हणजे हेडच्या खालच्या सपाट पाटाचा, मागचा कोपरा, जिथं बिजागरी बसते तो, तुटून हातात आला, सुईदांडा वाकला आणि चाक फिरवलं की आतून खर्र खर्र. मी तिथंच बसून रडले, खोटं कशाला बोलू.

गल्लीतल्या मिस्त्रीनं बघितलं न बघितलं आणि भंगारात घाला म्हणाला, ताई त्यापेक्षा पॉवर मशीन घ्या. वर जाता जाता सुईच्या क्लॅम्पचा स्क्रू हरवला होता तिथं एक बाजारातला मेट्रिक स्क्रू पान्यानं दाबून बसवून गेला. आता सिंगरच्या स्क्रूचे आटेच वेगळे असतात, इंचातले, आणि तेही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात तसले नाहीत, त्यामुळं होते ते आटे पण गेले. मग मी शहाणपणा करून ऑनलाइन शटल (खालचा दोरा गुंफणारा भाग) मागवलं, ते आलं तर जागेवर खुळखुळ वाजायला लागलं.

शेवटी मावसभाऊ म्हणाला शिवाजी उद्यमनगरात एक काका आहेत, लेथ चालवतात आणि मशीनचं पण बघतात. दुकानाला बोर्ड नाही, म्हणून नाव काय लिहू?

काकांनी आधी चहा मागवला आणि मग सुईदांडा काढून काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटानं लोळवला. "बघा की ताई, खालनं उजेड दिसतोय न्हवं?" खरंच, एका बाजूला खालून उजेडाची बारीक रेघ दिसायची आणि दांडा फिरला की गायब. हे सरळ करून चालत नाही म्हणाले, परत वाकतंय, नवीनच लागणार. नवीन लुधियानाचा आला, तो किंचित जाड होता, लेथवर लावून पॉलिश पेपरनं उतरवला. बुश (दांडा ज्यात वरखाली सरकतो ती नळी) पण झिजलेलं होतं, ते गनमेटलचं नवीन करून घातलं. बिघडवलेला आटा ज्यादा मापाचा पाडून त्याला स्क्रू स्वतः घडवला.

कोपऱ्याला मला वाटलं वेल्डिंग मारतील. नाही म्हणाले, बीड आहे, एका जागी तापवलं की शेजारी चीर जाते. आख्खा बेड तापवून पितळेनं झाळला आणि रात्रभर राखेत पुरून ठेवला, हळूहळू थंड व्हायला. आता त्या जागी पिवळी रेघ दिसते. मी रंग मारून द्या म्हटलं तर मारला, पण तो काळा जुन्या काळ्याशी जुळत नाही, एकदम शाळेच्या फळ्यासारखा दिसतोय. तेवढा अर्धा स्टार कापला.

मला सगळ्यात पटलं ते शटलचं. मी ऑनलाइनवालं पुढं केलं तर त्यांनी बाजूला सारलं आणि जुन्याचंच टोक तेलाच्या दगडावर घासून गुळगुळीत केलं. म्हणाले टोक मोडलेलं नाही, नुसती बुरी (धारेवर उठलेली कूस) आलीय, हे लोखंड आता मिळतंय कुठं. मग टायमिंग: सुई खालून दोन-अडीच मिलीमीटर वर आली की शटलचं टोक सुईच्या नेढ्याच्या जरा वरून जायला पाहिजे, कागद सरकेल एवढंच अंतर ठेवून. हे त्यांनी मला करायला लावलं, तीनदा चुकले.

३१के२० मधला के म्हणजे किलबोवी हे पण त्यांनीच सांगितलं, स्कॉटलंडातल्या क्लाइडबँकचा सिंगरचा कारखाना. तो १९८० ला बंद पडला. त्या घराण्याच्या मशीनची कॉपी आपल्याकडं अंब्रेला या नावानं निघते, म्हणून पार्ट मिळतात तरी, पण मिळाला म्हणजे बसला असं नाही.

आता तक्रार. चार दिवस सांगून तेवीस दिवस लावले. फोन उचलत नाहीत म्हणजे नाहीतच, तीन वेळा हेलपाटा झाला, एकदा तर दुकानाला कुलूप. बिल २,६५० झालं, पार्टसकट, त्याबद्दल काही म्हणणं नाही.

काल कॅनव्हासचे चार थर आणि वर निवारपट्टी घातली, एक टाका सुटला नाही. क्लच मोटर काढून सर्वो मोटर (शिवतानाच फिरणारी) लावायचा विचार आहे, क्लच मोटर शिवत नसलं तरी दिवसभर गुरगुरत असते. काकांना विचारलं, "लावू की" म्हणाले. किती दिवसात ते मी विचारलं नाही.

जाणार असाल तर सकाळी अकराच्या आत जा, सोमवारी बंद. आणि हेड नेताना खाली जुनी गोधडी घाला.